उरलेल्या लाकडाचे रंगीत कपाट : प्रस्तावना

सुतारकामाच्या कोणत्याही कारखान्यात मोठे काम संपल्यावर जे मागे राहते, त्याचे ढोबळमानाने तीन भाग पडतात: भुसा आणि ढलप्या, ज्या चुलीकडे जातात, वीत-दोन विती लांबीचे तुकडे, जे कोपऱ्यात साठत राहतात, आणि अर्धवट वापरलेल्या रंगांचे डबे, सुट्या बिजागऱ्या, मूठभर स्क्रू, प्लायवूडच्या कडा असा संकीर्ण माल, ज्याचा हिशेब कोणीच ठेवत नाही. प्रस्तुत पुस्तक या दुसऱ्या आणि तिसऱ्या भागाविषयी आहे. त्यातून भिंतीवर टांगता येईल किंवा ओट्याच्या कडेला ठेवता येईल असे एक लहान, दोन खणांचे, रंगवलेले कपाट कसे उभे राहते, हा त्याचा विषय असून मध्य प्रदेशाच्या धार जिल्ह्यातील मनावर आणि भोवतालचा निमाड ही त्याची भूमी आहे. विषय दिसायला किरकोळ असला तरी त्यात सुतार आणि चितारी या दोन कारागिरांच्या विद्या एकत्र येतात, आणि मराठी वाचकाला त्या बहुधा वेगवेगळ्याच ठाऊक असतात. त्यामुळे कृतीकडे वळण्यापूर्वी या क्षेत्राचा थोडा विस्ताराने परिचय करून देणे आवश्यक ठरते.

लाकडी सामानाकडे पाहण्याच्या दोन दृष्टी भारतात आणि भारताबाहेरही दीर्घकाळ शेजारी-शेजारी नांदल्या आहेत. पहिली दृष्टी लाकडाची रेषा मानते. रेषा म्हणजे वाढीच्या वलयांमुळे चिरलेल्या फळीवर उमटणारी नैसर्गिक नक्षी. ही दृष्टी शिसव, साग, अक्रोड अशा लाकडांना मान देते, त्यांच्यावर पारदर्शक पॉलिश चढवते आणि साहजिकच एका कपाटासाठी शक्यतो एकाच झाडाचे, एकाच रंगाचे लाकूड मागते. दुसरी दृष्टी लाकूड झाकते: त्याच्यावर अस्तर देते, अस्तरावर रंग आणि चित्र, आणि चित्रावर लाखेचा किंवा वार्निशचा थर. पहिल्या दृष्टीला उरलेले तुकडे निरुपयोगी वाटतात, कारण सागाच्या फळीला आंब्याची पट्टी जोडली की तो जोड दुरूनही दिसतो. दुसरीला ते चालतात. तिचा जन्मच बऱ्याचदा हलक्या, मऊ, स्वस्त आणि मिश्र लाकडातून झालेला आहे. रंग हा अशा लाकडावरचा साज नसून त्याच्या बांधणीचाच एक भाग आहे, हे या पुस्तकाचे मुख्य प्रतिपादन आहे, आणि रंगीत लाकडाचा इतिहास त्याला भरपूर आधार पुरवतो.

मराठी प्रदेशात या दुसऱ्या दृष्टीचे सर्वांत ठळक केंद्र सावंतवाडी. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तिसऱ्या खेम सावंतांच्या कारकिर्दीत तेथे लाखकाम आणि गंजिफा यांना राजाश्रय मिळाला. हे काम करणारे चितारी कारागीर गोव्याकडून आले असे मानले जाते, आणि त्यांच्या वस्तीची खूण चितार आळी या नावात आजही टिकून आहे. गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेली गोल पानांची पत्ते-पद्धती. तिच्या दशावतारी प्रकारात दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगाची बारा पाने मिळून १२० पाने असतात. या पानांसाठी कापडाच्या थरांना चिंचोक्याची खळ आणि खडूची पूड यांचा लेप देऊन घट्ट, गुळगुळीत पृष्ठभाग तयार केला जातो. पाट, चौरंग, देव्हारे, पेट्या आणि फळांची खेळणी यांवर त्याच हातांनी काम केले. खेळण्यांसाठी वापरला जाणारा पांगारा हा कोणत्याही वखारीत सागाच्या शेजारी ठेवला जाणार नाही इतका हलका असतो. तरीही रंग आणि लाख चढल्यावर त्याचे आंबे, केळी आणि सीताफळे पिढ्यानपिढ्या घराघरांत मांडली गेली. विसाव्या शतकाच्या मध्याला ही विद्या जवळजवळ विझत आली असताना शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराकडून ती समजून घेतली आणि राजवाड्यातच तिचे काम पुन्हा सुरू केले. या घटनेचे महत्त्व केवळ कलेच्या पुनरुज्जीवनापुरते नाही. अस्तर कसे करावे, कोणता थर कधी सुकू द्यावा, ही माहिती कोठेही लिहिलेली नसते आणि ती एका माणसाबरोबर संपू शकते, याचा तो इशारा होता.

मनावरच्या उत्तरेला आणि पश्चिमेला पाहिले तर आणखी दोन संप्रदाय दिसतात. राजस्थानातील चित्तोडगड जिल्ह्यातल्या बस्सी गावचे सुतार कावड बनवतात; कावड म्हणजे बिजागऱ्यांनी जोडलेल्या अनेक दारांचे एक लहान रंगीत कपाटच. कावडिया भाट ते यजमानाच्या घरी नेऊन एकेक दार उघडत कथा आणि वंशावळी सांगतात, आणि शेवटच्या दारामागे बहुधा राम, लक्ष्मण व सीता यांच्या मूर्ती असतात. तेथेही लाकूड हलके, त्यावर खडूचा पांढरा थर आणि त्यावर प्रामुख्याने तांबडी भूमी. कपाटाच्या दाराचा उपयोग आतले झाकण्यासाठी नव्हे तर एकामागून एक उलगडण्यासाठी करता येतो, ही कल्पना प्रस्तुत पुस्तकाने कावडीकडून उघडपणे घेतली आहे. दुसरा संप्रदाय गुजरातमधील छोटा उदेपूर जिल्ह्यातल्या संखेड्याचा. येथील खरादी कारागीर साग कातावर फिरवून पाळणे, झोपाळे आणि आसने घडवतात व त्यांवर लाखेचे थर चढवतात. साग वापरूनही तो रंगाखाली झाकणारा हा संप्रदाय वर सांगितलेल्या विभागणीला अपवाद ठरतो, आणि नियमाइतकाच अपवादही उपयोगी असतो, कारण रंग हा केवळ गरिबीचा पर्याय आहे असा निष्कर्ष त्यामुळे काढता येत नाही. मध्य प्रदेशातच सिहोर जिल्ह्यातील बुधनीची कातीव लाकडी खेळणी याच कुळातली आहेत.

युरोपचा दाखला थोडक्यात पुरेसा आहे. आल्प्सच्या परिसरात सतराव्या ते एकोणिसाव्या शतकांत शेतकऱ्यांच्या घरी जी रंगीत कपाटे आणि पेट्या बनल्या, त्या देवदार वर्गातील स्वस्त लाकडाच्या होत्या आणि त्यांवरची चित्रे पुष्कळदा श्रीमंतांच्या जडावाच्या कामाची नक्कल करत. नॉर्वेतील फुलापानांची वळणदार नक्षी अठराव्या शतकाच्या मध्यापासून ग्रामीण घरांत पसरली. दोन्हीकडे लाकूड हलके आणि रंग गडद, ही जोडी पुन्हा भेटते.

मनावरच्या परिसराला मात्र रंगापेक्षाही अस्तराची परंपरा अधिक जुनी आहे, आणि ती लाकडावरची नसून भिंतीवरची आणि कापडावरची आहे. जिल्ह्यातीलच बाघ येथील लेण्यांत पाचव्या-सहाव्या शतकांच्या सुमारास खडकावर मातीचा गिलावा देऊन त्यावर चित्रे काढली गेली; १९२१ साली ग्वाल्हेर संस्थानाच्या विनंतीवरून नंदलाल बोस आणि असितकुमार हालदार यांच्यासह काही चित्रकारांनी त्यांच्या प्रतिकृती केल्या, आणि त्यानंतर खडकातील ओलीमुळे मूळ चित्रांची इतकी हानी झाली की पुढील अभ्यासकांना त्या प्रतिकृतींवर बरेच अवलंबून राहावे लागले. गिलावा ओल धरू लागला की वरचे चित्र वाचत नाही, हा धडा लाकडालाही जसाच्या तसा लागू पडतो. शेजारच्या अलिराजपूर भागातील भिलाला आणि राठवा समाजांत पिठोरा लिहिताना भिंत आधी शेणामातीने सारवून पांढऱ्या मातीने पोतली जाते आणि मगच घोड्यांची रांग उतरते. बाघची छपाई ही तिसरी शाखा: तिच्यासाठी लागणारे ठसे सागाच्या घट्ट ठोकळ्यांतून कोरलेले असतात आणि काही ठसे पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहेत. छपाई करणाऱ्या खत्री समाजाचा सिंधमधून मारवाडमार्गे झालेला प्रवास मनावरला टेकून बाघला गेला असे सांगितले जाते. कपाटाच्या दारावर ठशाने नक्षी उमटवण्याची पद्धत पुस्तकात आहे ती या शेजारामुळे. मात्र कापडावर उमटणारा ठसा कोरड्या, ताठ लाकडावर तसाच उमटत नाही आणि त्यासाठी रंग घट्ट व ठशाखाली नरम गादी लागते, हे तेथे सविस्तर सांगितले आहे.

उरलेल्या मालातून वस्तू घडवण्याची बाजू पाहिली तर तिचा लिखित इतिहास आश्चर्यकारकरीत्या अलीकडचा आहे. खेड्यातला सुतार तुकडे फेकत नसे, पण त्याबद्दल कोणी लिहीतही नसे, आणि लिहिले गेले ते टंचाई आली तेव्हा. मंदीच्या काळात, १९३४ साली, डच वास्तुरचनाकार गेरिट रिटफेल्ट यांनी पेट्यांच्या साध्या फळ्यांतून खुर्ची, मेज आणि कपाट यांची मालिका रचली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने १९४२ मध्ये लाकडाचे रेशनिंग करून ठरावीक नमुन्यांचेच सामान बनवण्याची सक्ती केली. आणि इटलीतील एन्झो मारी यांनी १९७४ मध्ये सरळ फळ्या आणि खिळे एवढ्यावर कोणीही घरी बनवू शकेल अशा सामानाचे आराखडे प्रसिद्ध केले. या तिन्ही उदाहरणांत एक समान त्रुटी दिसते. ती सर्व नव्या, एकसारख्या मापाच्या फळीपासून सुरू होतात. तुकडा आधी आणि आराखडा नंतर, हा क्रम त्यांपैकी कोणीच पूर्णपणे स्वीकारलेला नाही.

हा क्रम शिकवण्याच्या जवळ भारतातील हस्तकौशल्य-शिक्षण अधिक गेले आहे. स्वीडनमध्ये नेस येथे ओट्टो सालोमन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकूडकामाला शिक्षणाचे साधन बनवले, आणि त्या विचाराचे पडसाद जगभर उमटले. सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात १८९० साली कलाभवन सुरू झाले, ज्याची घडी त्रिभुवनदास गज्जर यांनी बसवली आणि जेथे हातकाम व उद्योगशिक्षण देशी भाषेत देण्याचा प्रयत्न झाला. मुंबईत जे. जे. कलाशाळेला जोडून १८९१ मध्ये रे कलाकार्यशाळा उघडल्या. १९३७ च्या वर्ध्याच्या परिषदेनंतर नयी तालीमने हस्तोद्योग हाच शिक्षणाचा कणा मानला, आणि पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ पासून ग्रामीण मुलांना प्रत्यक्ष कामातून तंत्र शिकवण्याचा नमुना उभा केला. प्रस्तुत पुस्तक याच धारेतले आहे. धारच्या संदर्भात येथे शिल्पकार रघुनाथ कृष्ण फडके यांचे नाव घेणे योग्य होईल: वसईत जन्मलेले फडके १९३० च्या दशकात धारला स्थायिक झाले आणि त्यांच्या स्टुडिओमुळे या जुन्या पवार संस्थानात हाताने घडवण्याच्या कामाला एक प्रतिष्ठित मराठी पत्ता मिळाला. त्यांचे माध्यम दगड आणि धातूचे असले तरी कारखाना आणि कलाशाळा यांत भिंत नसावी हा विचार त्या परिसरात रुजायला त्यांची मदत झाली, असे म्हणण्यास हरकत नसावी.

मग मराठी मध्यमवर्गीय घरातून रंगवलेले लाकूड गेले कसे? जुन्या वाड्यात सामान ठेवायला भिंतीतले कोनाडे आणि फडताळे असत. फडताळ म्हणजे भिंतीच्या जाडीत बसवलेले, फळ्यांचे आणि दारांचे कपाट. त्यांच्या दारांना तेलरंगाचा हात दिला जाई. सुट्या कपाटांचा काळ आला तेव्हा मान शिसवी आणि सागवानी सामानाला मिळाला, रंग हा लाकडाचा दोष झाकण्याचा उपाय समजला जाऊ लागला, आणि प्लायवूडवर चिकटवलेल्या सनमायकाने उरलेली जागा घेतली. १९५९ मध्ये बाजारात आलेल्या फेविकॉलने याला हातभार लावला, हे सांगताना त्याची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे: जनावरांच्या कातड्या-हाडांपासून बनणारा सरस गरम करून लावावा लागे आणि पावसाळ्यात तो सुटे, त्या तुलनेत हा थंड, पांढरा गोंद लहान तुकड्यांच्या जोडणीला वरदान ठरला. सनमायकाला दोष देणे सोपे आहे. पण तो धुता येतो, हे स्वयंपाकघर सांभाळणाऱ्याला नाकारता येत नाही. रंगीत कपाटाने परत यायचे असेल तर ते पुसता येण्याजोगे असले पाहिजे, आणि म्हणून पुस्तकात शेवटच्या थरावर जितकी पाने खर्च झाली आहेत तितकी नक्षीवर झालेली नाहीत.

या विषयाला आज वेगळे महत्त्व येण्याची कारणे निमाडच्या भूगोलात आहेत. मनावर मान नदीच्या काठी वसले आहे, आणि तालुक्याच्या दक्षिणेकडील सीमा नर्मदेपर्यंत पोहोचते. सप्टेंबर २०१९ मध्ये सरदार सरोवराचे पाणी १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीला पोहोचले, तेव्हा निसरपूर आणि चिखल्दा यांसारखी धार जिल्ह्यातील गावे पाण्याखाली गेली. त्या आधीच्या वर्षांत अनेक कुटुंबांनी घरे उतरवून खांब, वासे आणि चौकटी नव्या वसाहतींकडे नेल्या. जुन्या घराचे असे लाकूड दशकानुदशके सुकलेले, टिकाऊ आणि खिळ्यांनी भरलेले असते. खिळे लोहचुंबकाने शोधून काढल्याशिवाय त्यावर करवत चालवणे धोक्याचे ठरते. दुसरा स्रोत अगदी नवा आहे. यंत्रे आणि सुटे भाग पाइनच्या पेट्यांतून आणि चौकटींतून येतात आणि त्या मोडीत जातात. अशा पेट्यांवर छापलेला शिक्का वाचण्याची सवय लावावी लागते: एचटी हा शिक्का लाकूड उष्णतेने निर्जंतुक केल्याचा असतो, तर एमबी हा मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूने धुरी दिल्याचा, आणि नंतरच्या प्रकारचे लाकूड अन्नाच्या कपाटासाठी घेऊ नये. तिसरा स्रोत स्थानिक सुतारांच्या कामातून उरणाऱ्या साग, आंबा, कडुनिंब आणि निमाडचे खास म्हणावे असे अंजन यांच्या तुकड्यांचा.

हे तिन्ही एकाच कपाटात आणायचे म्हणजे लाकडाच्या हालचालीचा प्रश्न पुढे येतो. लाकूड कोरडे होताना रेषांच्या दिशेने जवळजवळ आक्रसत नाही, पण रेषांना आडवे आक्रसते, आणि वलयांच्या स्पर्शरेषेच्या दिशेने होणारे आकुंचन त्रिज्येच्या दिशेने होणाऱ्या आकुंचनाच्या साधारण दुप्पट असते. मनावरचा उन्हाळा चाळिसाच्या वर जाणारा आणि त्यानंतरचा पावसाळा दमट, त्यामुळे वर्षात एकदा तरी प्रत्येक फळी फुगते आणि आवळते. भिन्न जातींच्या फळ्या सलग चिकटवल्या तर त्या वेगवेगळ्या प्रमाणात हलतात आणि जोडावरचा रंग केसाएवढा चिरतो. उपाय दोन आहेत. एक सुताराचा: दाराची चौकट कुसवाच्या सांध्याने बांधावी, म्हणजे एका पट्टीच्या टोकाला काढलेली जीभ दुसरीच्या भोकात बसवावी, आणि मधली फळी चौकटीच्या खाचेत न चिकटवता मोकळी सोडावी. दुसरा चिताऱ्याचा: अशा मोकळ्या फळीच्या कडेला रंग आधीच लावून ठेवावा, म्हणजे ती आवळली तरी कोरे लाकूड उघडे पडत नाही. सागातल्या तेलामुळे गोंद आणि रंग नीट धरत नाहीत, पाइनच्या गाठींतून राळ झिरपते, आणि दोन्हींवर चपडीचा, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचा, एक पातळ हात दिल्यास वरचे थर सुरक्षित राहतात. त्यानंतर लांबी भरणे, काचकागदाने घासणे आणि अस्तर देणे हा क्रम सावंतवाडीच्या खळ-खडूच्या क्रमाशी तत्त्वतः एकच आहे.

रंगांच्या बाबतीत परंपरेपुढे डोळे मिटून मान तुकवता येत नाही. गेरू, काजळ, नीळ आणि खडू निर्धोक आहेत. परंतु पिवळ्यासाठी वापरली जाणारी हरताळ हे आर्सेनिकचे संयुग आहे, हिंगूळ पाऱ्याचे, आणि जुना सफेदा शिशाचा. मुलांचा हात लागणाऱ्या कपाटावर ही तिन्ही नकोत. कारखान्यात राहिलेल्या जुन्या तेलरंगाच्या डब्यांचाही हाच विचार करावा लागतो. घरगुती आणि सजावटी रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० पेक्षा अधिक नसावे असा नियम भारतात २०१६ मध्ये झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, म्हणून त्यापूर्वीचा डबा कितीही भरलेला असला तरी तो पुस्तकाने बाजूला ठेवायला सांगितला आहे. उरलेले वापरण्याच्या उत्साहाला ही एक मर्यादा आहे आणि ती पाळण्यात संकोच नसावा.

सरकारी पातळीवर सुताराच्या कामाकडे पुन्हा लक्ष जात असल्याचे १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेवरून दिसते. तिच्या अठरा व्यवसायांत सुतारकाम आहे आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतची मदत दिली जाते. अवजारे आली तरी लहान कामाचा आराखडा येत नाही. मोठ्या शहरांतून आलेले सुट्या भागांचे सामान स्वस्त असते, आणि त्याच्याशी स्पर्धा करणाऱ्या तालुक्याच्या गावातील सुताराजवळ मोठ्या कामाच्या मधल्या दिवसांत करता येईल, कच्च्या मालाला जवळजवळ खर्च लागणार नाही आणि ज्यावर घरातल्या चितारणाऱ्या हातांनाही काम मिळेल अशी वस्तू हवी असते. लहान रंगीत कपाट त्या वर्णनात बसते. त्याला बाजार मिळेलच असा दावा येथे केलेला नाही.

पुस्तकाची रचना या सर्व विचारांतून ठरलेली आहे. त्यात आराखडा शेवटी येतो. आधी तुकड्यांची निवड, जातवार आणि जाडीवार मांडणी, मग त्यांतून कोणत्या मापाचे कपाट निघू शकते याचा हिशेब, आणि त्यानंतर दोन फूट उंच, सोळा इंच रुंद व आठ इंच खोल असा एक नमुना. या मापांना कोणीही बांधून राहू नये यासाठी त्याच नमुन्याच्या लहान-मोठ्या आवृत्त्यांचे हिशेबही दिले आहेत. यंत्रांची अपेक्षा कमीत कमी ठेवली आहे: हातकरवत, रंधा, दोन पटाश्या, गुण्या, गिरमिट आणि चार शिकंजे एवढ्यात काम होते, आणि ज्याच्याजवळ विजेचा रंधा आहे त्याने तो खुशाल वापरावा. कातकाम, कोरीव काम आणि सोनेरी वर्खाचे काम यांना पुस्तकाने हात घातलेला नाही, कारण त्या प्रत्येकाला स्वतंत्र गुरू लागतो. मापे मिलिमीटरमध्ये दिली असून कंसात इंच आणि सूत नोंदवले आहेत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आणि निमाडात काय किंवा कोकणात काय, सुतार अजूनही त्याच भाषेत फळी मागतो.